येवले सरांना सुट्टी मिळते

सकाळच्या फेरीत डॉक्टर खाटेपाशी आले, टाके बघितले, "छान!" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता बोलले, "आज घरी सोडू या हं, सर."

येवले सरांना वाटलं, झालं, निघालो. सबंध नोकरीभर त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती, घंटा झाली की शाळा सुटते. सुटल्यावर पोरं काही वर्गात बसून राहत नाहीत. दवाखान्यातून सुटणं हे प्रकरण वेगळं असतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

श्रीपती येवले म्हणजे लोणावळ्यातल्या एका शाळेचे निवृत्त पर्यवेक्षक. राहायला तुंगार्लीत. माणूस शिस्तीचा; पँटची इस्त्री मोडेल म्हणून बक्षीससमारंभात पार शेवटपर्यंत उभा राहणारा. अशा माणसाला हर्निया व्हावा हा शुद्ध अन्याय होता. हर्निया दुखतो कमी आणि सांगायला अवघड फार. फोनवर कुणी "कुठं हो ऑपरेशन झालं?" असं विचारलं, की सर गंभीरपणे "कामशेतला" म्हणत आणि हवापाण्यावर येत.

दुखू नये म्हणून सकाळीच त्यांना एक इंजेक्शन मिळालं होतं आणि त्याचा अंमल मोठा गोड होता. आपलं शरीर खाटेवर आहे आणि आपण त्याच्या वीतभर वर आहोत, असं त्यांना वाटत होतं. खिडकीतून ऊन येत होतं. दिवाळी होऊन गेली होती, भातकापणीचे दिवस होते, आणि त्या उन्हात कोंड्याची बारीक धूळ सावकाश वरखाली होत होती. तिच्याकडे बघताना सरांना आयुष्यात पहिल्यांदाच कशाचीही घाई वाटत नव्हती. घाई वाटत नाही ही गोष्टच त्यांना चमत्कारिक वाटत होती. पण चमत्कारिक वाटण्याचीही घाई नव्हती.

"अहो, घरी सोडतायत खरं, पण तुम्ही घालणार काय?" सरांच्या पत्नी सविताबाईंनी विचारलं.

त्यांचा प्रश्न रास्त होता. कालच त्यांनी सरांचे कपडे शेजारच्या कैलासबरोबर धुवायला घरी पाठवले होते. इतक्यात कुठं सोडतायत, असा त्यांचा हिशेब. सरांच्या अंगावर दवाखान्याचा निळा झगा तेवढा होता. त्याच्या नाड्या मागच्या बाजूला, आणि त्यातली मधली, सर्वांत महत्त्वाची नाडी तुटलेली. त्यामुळे सर दोन दिवस भिंतीकडे पाठ करूनच हिंडत होते.

"कैलासला फोन कर. किल्ली आहे त्याच्याकडे. राखाडी पँट आणि पांढरा शर्ट आण म्हणावं. आणि पट्टा."

"पट्टा कशाला? पोटाला टाके आहेत ना?"

"असू दे. हातात धरीन."

कैलासचा तुंगार्लीत बंगले पर्यटकांना भाड्यानं देण्याचा धंदा होता. जीव लावणारा माणूस, पण दुसऱ्याच्या अडचणीत तो इतका रमायचा की अडचण संपली तर त्यालाच चुकल्यासारखं व्हायचं. "वहिनी, तुम्ही काळजीच करू नका," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हाच खरं म्हणजे काळजी करायला हवी होती.

तोवर इकडे पायल सिस्टर आली. तिनं सरांच्या हातातली सुई काढली, कापूस दाबला, मनगटावरची नावाची पट्टी कापली आणि हसून म्हणाली, "काका, झालात तुम्ही मोकळे."

तिच्यामागून मावशी आल्या आणि त्यांनी खाटेवरची चादर ओढली. सर चादरीवर बसलेले होते, ही बाब त्यांनी फारशी मनाला लावून घेतली नाही. पाठोपाठ एक नवा पेशंट आला, पायाला प्लॅस्टर आणि सोबत सगळं कुटुंब. सरांची खाट पाहता पाहता त्या कुटुंबाची झाली. सर उशी पोटाशी धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर गेले. पाठ अर्थात भिंतीकडे.

दुपार झाली. जेवणाची गाडी आली. वाढपी खाटा बघत बघत पुढे गेला.

"आमचं ताट?" सरांनी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"येवले. पेशंट."

त्यानं हातातला कागद पाहिला. "येवले डिस्चार्ज."

"मग मला जाऊ द्या."

"मी कुठं अडवलंय?"

सर सविताबाईंचा हात धरून, भिंतीभिंतीनं सरकत, दारापर्यंत गेले. दारावरच्या गृहस्थानं अदबीनं उठून त्यांना अडवलं. "पास?"

"कसला पास?"

"पेशंटला सोडायचा. पासाशिवाय पेशंट बाहेर जात नाही."

"पण मी पेशंट नाही. आत मला जेवणसुद्धा देत नाहीत."

"मग पेशंटच्या कपड्यांत बाहेर कसे चाललात?" त्यानं विचारलं आणि काउंटरकडे बोट दाखवलं.

काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पुष्कळ वेळ पाहिलं. विमा कंपनीची मंजुरी यायची होती. ती आली की फाइल वरून खाली येणार, खाली आली की पास निघणार. "काका, सिस्टीममध्ये तुम्ही गेलेले दिसताय," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, घरी."

एरवी सरांनी तिथल्या तिथे त्या सगळ्यांची तोंडी परीक्षा घेतली असती. पण इंजेक्शनाचा अंमल अजून उतरला नव्हता. आपण गेलो आहोत आणि इथंच आहोत, हे त्यांना फारसं खटकलं नाही. ते परत स्टुलावर जाऊन बसले. माणसं त्यांच्या बाजूनं जात-येत होती, कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. मेल्यावर साधारण असंच असेल तर फार वाईट नाही, असा एक विचार त्यांच्या डोक्यातून ढगासारखा निघून गेला.

त्यांना हाक मारली ती पलीकडच्या खाटेवरच्या अल्लाबक्षभाईंनी. कामशेतच्या बाजारात त्यांची बेकरी होती. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं.

"मास्तर, इकडं या. नानकटाई घ्या. घरच्या भट्टीची आहे."

"तुम्ही?"

"मला आज काही खायचं न्हाई म्हणतात. आन् आमच्या मेहमुदानं डबा भरून आणलाय! जन्मभर दुसऱ्याला खायला घातलं, आता निदान तुमाला खाताना तरी बघतो."

सर नानकटाई खात राहिले आणि अल्लाबक्षभाई प्रत्येक घासाबरोबर मान डोलावत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. लय दुखतं का?"

शिस्तीच्या माणसाला खोटं बोलता येत नाही. सर म्हणाले, "ऑपरेशन नाही दुखत. नंतर हसलं की दुखतं. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि हसायचं नाही, असं सांगितलंय मला."

"मग तुमाला काय अडचण?" अल्लाबक्षभाई म्हणाले. "तुमी हसताय कवा? आमचा पोरगा याह्या तुमच्याच शाळेत होता. तो सांगायचा घरी."

आणि नेमकं त्याच वेळी सरांना हसू आलं. त्यांनी उशी पोटाशी घट्ट आवळली, डोळे मिटले, आणि हसू व कळ दोन्ही एकाच वेळी सोसली.

एवढ्यात कैलास आला. हातात भलीमोठी पिशवी. "वहिनी, शोधावंसुद्धा लागलं नाही. दाराशीच भरून ठेवलेली. याला म्हणतात शिस्त!"

सविताबाईंचा चेहरा उतरला. "दाराशी? अहो भाऊजी, ती बोहारणीला द्यायची पिशवी!"

पिशवी उघडली. दोन परकर निघाले, पडद्याचा एक तुकडा, एका हाताचा हातमोजा, आणि तळाशी एक पँट. सरांची लग्नातली. सगळ्यांच्या आग्रहाखातर सरांनी पडद्याआड ती घालून पाहिली. मांडीपर्यंत ती आली आणि तिथं तिनं पुढे यायला नकार दिला. कैलासचं म्हणणं, श्वास आत घ्या. पायल सिस्टरचं म्हणणं, श्वास बिलकूल आत घेऊ नका, टाके आहेत. प्लॅस्टरवाल्याच्या सासूबाईंचं म्हणणं, शिवणीवर कात्री चालवा. लग्नातले आपण इतके बारीक होतो, हे पडद्याआड सरांना नवीनच कळत होतं.

शेवटी अल्लाबक्षभाईंनी उशाखालची घडी काढली. हिरव्या चौकड्यांची लुंगी. "धुतलेली आहे, मास्तर. या इकडं, गाठ मी मारून देतो. टाक्याच्या वर घेतो, म्हंजे लागायची न्हाई."

येवले सरांनी जन्मात लुंगी नेसली नव्हती. ती नेसली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पाठ भिंतीपासून सोडवली. मग ते अल्लाबक्षभाईंच्या खाटेशी जरा वेळ उभे राहिले. "उद्या तुम्ही बाहेर आलात की फोन करायला सांगा याह्याला," ते म्हणाले. "मी वाट बघीन."

मंजुरी आली, फाइल खाली आली, पास निघाला. दारावरच्या गृहस्थानं आता सलामसुद्धा ठोकला. ऊन कलायला लागलं होतं.

गाडीत कैलासनं जय्यत तयारी केली होती. पुढची सीट पार आडवी, तिच्यावर गादी, गादीवर दोन उशा. "सर, तुम्ही आता फक्त पडून राहायचं. मी आजूबाजूला सगळ्यांशी बोललोय. बँकेतले कुलकर्णी म्हणतात, त्यांच्या मेहुण्याचा टाका गतिरोधकावर उसवला. आणि आज शनिवार! हायवेला पुण्या-मुंबईची सगळी जनता चिक्की घ्यायला निघालेली. आपण आतल्या रस्त्यानं जाऊ. लोण्यासारखा रस्ता आहे."

लोणावळा डावीकडे होतं. कैलासनं गाडी उजवीकडे घातली.

"भाऊजी, हा तर वडिवळ्याचा रस्ता," मागच्या सीटवरून सविताबाई म्हणाल्या.

"तोच! वडिवळ्याला आमची सासुरवाडी. जाता जाता नव्या इंद्रायणीचं एक पोतं घ्यायचंय, दोन मिनिटांचं काम."

थोडक्यात, सरांचे टाके आणि कैलासचा तांदूळ यांचा एकच रस्ता निघाला होता. पण सरांनी काही हरकत घेतली नाही. आडव्या सीटवरून त्यांना रस्ता दिसतच नव्हता. फक्त झाडांचे शेंडे मागे जाताना दिसत होते, मध्येच एखादी तार, तारेवर एखादा निळा पक्षी. उघड्या काचेतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. हा रस्ता लोणावळ्याला जात नसला तरी कुठंतरी चांगल्याच ठिकाणी जात असावा, असं वाटून त्यांनी डोळे मिटले.

मग गाडीखाली फट्ट झालं.

कैलास उतरला, चाकाभोवती फिरला, डिकी उघडली आणि बराच वेळ तिच्यात बघत राहिला. स्टेपनी नव्हती. पर्यटकांच्या बॅगा मावाव्यात म्हणून त्यानं ती काढून एका बंगल्याच्या गच्चीत ठेवली होती. "सर, तुम्ही काळजीच करू नका," तो म्हणाला आणि फोन लावत लावत वळणाआड दिसेनासा झाला.

धरणाचं पाणी समोर लांबवर पसरलं होतं. त्याच्यावर धुरकट ऊन. कापलेल्या खाचरांत बगळे एकेकटे उभे होते, जणू तेही कुणाच्या परवानगीची वाट बघत होते. सविताबाई खाली उतरून रस्त्याकडेला बसल्या. सर तसेच पडून राहिले.

मदत आली ती खाचरांतून. पुढे एक ठेंगणी, टणक म्हातारी, कैलासची सासू शालूबाई. मागे तिचा मुलगा संदेश आणि कापणीवरची तीन माणसं. चौघांच्या खांद्यावर रिकामी बाज.

"आगं बाई, ह्योच का आजारी मानूस? जावईबापूंचा फोन आला, म्हनलं हितं रस्त्यावर कशाला पडून ऱ्हातंय? आना उचलून घरला!"

"मी चालेन," सर घाईनं म्हणाले. पर्यवेक्षकाला उचलून नेतात ही कल्पनाच त्यांना सोसेना.

"बांधावरनं चालनार? गुडघाभर चढ हाय तितं. टाकं तुटलं तर मी काय दाभनानं शिवू?"

सर बाजेवर आडवे झाले. शालूबाईंनी त्यांच्यावर पांढरं धोतर पांघरलं, ऊन लागू नये म्हणून. चौघांनी "हं, उचला" म्हणून खांदा दिला, आणि वरात बांधावरून निघाली. मागून सविताबाई उशी घेऊन.

सरांनी डोळे उघडले तर फक्त आभाळ होतं. आयुष्यभर त्यांनी आभाळ पाहिलं ते छत्री घ्यावी की नाही एवढं ठरवायला. असं आडवं पडून, काही ठरवायचं नसताना, त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. बगळ्यांची एक रांग त्यांच्या नाकासमोरून गेली, पांढरी, वाकडीतिकडी, बेशिस्त. कुणी तिला सरळ करत नव्हतं आणि तरी ती बरोबर निघाली होती. खांदेकऱ्यांच्या पावलांबरोबर बाज हलकीच डुलत होती. चढावर त्या चौघांना धाप लागली, तसा सरांना आपल्या वजनाचा थोडा संकोच वाटला, मग तोही विरघळला.

समोरून एक वयस्क शेतकरी डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन येत होता. बांध अरुंद. तो बाजूला खाचरात उतरला, भारा खाली टाकला, टोपी काढली आणि बाजेकडे बघून खालमानेनं हात जोडले.

कुणी नमस्कार केला की परत करायचा, हा सरांचा नेम. त्यांनी धोतरातून दोन्ही हात बाहेर काढले आणि अदबीनं नमस्कार केला.

शेतकऱ्यानं जी धूम ठोकली, ती पार दुसऱ्या खाचरापर्यंत. "आरं कोंडाजी, जित्ता हाय त्यो! मास्तर हायेत!" शालूबाई ओरडल्या, पण कोंडाजी थांबला नाही. भारा आणि टोपी तिथंच राहिली. खांदेकरी हसायला लागले, त्यामुळे बाज हलायला लागली. बाज हलली म्हणून सविताबाई ओरडल्या. आणि सर, ज्यांना हसायला सक्त मनाई होती, ते दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, आभाळाकडे बघून हसत राहिले. कळ येत होती. येऊ दे, असं त्यांना वाटलं.

शालूबाईंच्या ओसरीवर बाज टेकवली गेली. कैलासनं निरोप धाडला होता की चाक घेऊन येतोय, निघालोच आहे. म्हणजे अजून निघाला नव्हता. शालूबाईंनी नव्या तांदळाची पेज आणली, वर तुपाची धार, बाजूला मीठ. दिवसभरात नानकटाईशिवाय सरांच्या पोटात काही नव्हतं. पहिला घोट घेतल्यावर त्यांना एकदम काहीतरी सुचलं.

"तू जेवलीस का ग?"

"जेवते की. तुम्ही घ्या."

"आज नव्हे. काल?"

सविताबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. पदराशी चाळा करत राहिल्या.

"आणि परवा? ऑपरेशनच्या दिवशी?"

"चहा घेतला होता," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "लवकर होईल म्हणाले होते हो. दार लावून घेतलं, दिवा लागला, आणि मग कुणी बाहेरच येईना. आत जाताना तुम्ही मला विम्याचे कागद कुठं आहेत ते सांगत होतात. मला ऐकूच येत नव्हतं काही. नुसतं हो हो म्हणत होते. आणि मग तिथं बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं, तुम्हाला काय काय बोलले होते ते. त्या पंख्यावरनं. कुंड्यांवरनं. ताईंच्या लग्नात."

"काय बोलली होतीस?"

"लक्षात नाही तुमच्या?"

सरांनी मनापासून आठवून पाहिलं. पंखा आठवला, कुंड्या आठवल्या. "नाही बुवा."

सविताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं आणि त्या हसल्या. "मग जाऊ द्या. नाहीच काही बोलले."

सर पेजेचं भांडं ठेवून काहीतरी बोलणार होते. त्यांना वाक्य चांगलं, नीट रचून हवं होतं, त्यामुळे जरा वेळ लागला. वाक्य तयार झालं तेव्हा सविताबाईंची मान खांबाला कलली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणा. उशी अजून काखेतच.

दिवस मावळायला आला होता. पाण्यावरून गारवा चढत होता, खळ्यात कुणीतरी भात वारवत होतं आणि त्याचा सरसर आवाज थांबून थांबून येत होता. सर हळूहळू बाजेवरून उठले. वळचणीला गोधडी होती. जड उचलायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गोधडी चांगलीच जड निघाली. ती ओढत ओढत त्यांनी खांबापाशी नेली, लुंगी सावरली, वाकले. टाक्यांतून अशी कळ गेली की "आई गं" तोंडातल्या तोंडात गिळावं लागलं. पण गोधडी सविताबाईंच्या खांद्यापर्यंत नीट आली, एकही सुरकुती न पडता.

तेवढ्यात अंगणात गाडी आली. "सर! झालं काम! चला, बसा!" कैलासनं उत्साहानं भोंगा वाजवायला हात उचलला.

सरांनी ओसरीवरून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेनं पूर्वी अख्खा वर्ग गप्प व्हायचा. कैलासचा हात भोंग्यापर्यंत पोचलाच नाही.

शालूबाई दिवा लावायला बाहेर आल्या. बाज रिकामी, आजारी माणूस उभा, आणि त्याची बायको गोधडीत गुरफटून झोपलेली. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "आवो मास्तर," त्या कुजबुजल्या, "ह्यातला पेशंट म्हनायचा तरी कोन?"

येवले सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खांबाकडे दाखवलं.

कैलासनं गाडीची चावी काढून खिशात घातली आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, ओसरी चढला.